रिकाम्या नळीचा प्रश्न

सिंधूताई गजभिये यांनी पहिल्यांदा डायलायझर कापून पाहिला तेव्हा त्या चोवीस वर्षांच्या होत्या. नागपुरात धंतोलीतल्या एका हॉस्पिटलात आया म्हणून लागून त्यांना जेमतेम चार महिने झाले होते. काम धुण्याचं होतं. ज्यांची मूत्रपिंडं निकामी झालीत त्यांचं रक्त यंत्रातून फिरवून साफ करतात, आणि ते ज्या दीड वीत लांबीच्या पारदर्शक नळकांड्यातून फिरतं त्याला म्हणायचं डायलायझर. प्रत्येक पेशंटचं नळकांडं त्याच्या नावाची चिठ्ठी लावून ठेवत आणि धुऊन पुन्हा त्यालाच वापरत. सिंधूताई दिवसाला बारा-पंधरा धूत. आत केसांच्या जुडीसारखं पांढरं काहीतरी दिसे. हे काय आहे, असं त्यांनी तिघांना विचारलं. एकानं सांगितलं, कापूस. दुसऱ्यानं सांगितलं, जाळी. तिसरा म्हणाला, तुले काय करायचं?

मग फेकायला काढलेलं एक नळकांडं त्यांनी दोन दिवस औषधाच्या पाण्यात बुडवून ठेवलं, हातमोजे चढवले आणि लोखंड कापायच्या करवतीनं मधोमध कापलं. आत ना कापूस होता, ना जाळी. हजारो धागे होते. एक धागा ओढून त्यांनी खिडकीच्या उजेडात धरला. बराच वेळ पाहिल्यावर लक्षात आलं की त्याच्या टोकाला भोक आहे. सगळे धागे आतून पोकळ होते.

दारात मूत्रपिंडाचे डॉक्टर मुकुंद उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे.

"काय पाहून राहिल्या?"

"साहेब, हे पोकळ आहे. रक्त याच्या आतून जाते का बाहेरून?"

रागावायचं सोडून डॉक्टर स्टुलावर बसले. रक्त धाग्याच्या आतून जातं आणि साफ करणारं पाणी बाहेरून, असं त्यांनी सांगितलं. धाग्याच्या भिंतीला इतकी बारीक छिद्रं असतात की रक्तातली घाण तेवढी पाण्यात उतरते. रक्ताच्या पेशी मोठ्या, प्रथिनंही मोठी, ती आतच राहतात.

सिंधूताईंनी थोडा विचार केला. "म्हणजे दोघांची भेट होत नाई, पण देणंघेणं होते."

दुसऱ्या वर्षी डॉक्टरांनी त्यांना टेक्निशियनच्या कोर्सला पाठवलं.

या विचारत राहण्याच्या सवयीचं मूळ नागपूरच्याच इंदोरा वस्तीतल्या त्यांच्या घरात होतं. वडील दादाजी गिरणीत सूतकताईच्या खात्यात होते. कोणी सांगितलं म्हणून, थोरांनी लिहिलं म्हणून एखादी गोष्ट खरी धरायची नाही, स्वतः पारखून पाहायची, ही बुद्धाची शिकवण त्यांच्या घरात भाजीत मीठ किती पडलं इथपासून लागू होती. लहानग्या सिंधूनं "काहून?" विचारलं की दादाजी उत्तर देत नसत. "पाह्य बरं," एवढंच म्हणत. मुलीला दहावीच्या पुढे शिकवता आलं नाही याची खंत त्यांना शेवटपर्यंत राहिली. ती टेक्निशियन झाली त्या दिवशी त्यांनी अख्ख्या गल्लीत सोनपापडी वाटली.

पुढची तीस वर्षं सिंधूताईंनी डायलिसिसच्या खोलीत काढली. नवरा लवकर गेला, मुलगा प्रशिक शिकून पुण्याला नोकरीला लागला. यंत्रं बदलली, धुण्याचं काम यंत्राकडे गेलं, पण सिंधूताईंचे हात तेच राहिले. नळीत हवेचा बुडबुडा कुठे अडकलाय, आत किती धागे रक्त साकळून बंद पडलेत, एखादा तुटलाय का, हे आकडा वाचायच्या आधीच त्यांना कळे.

रुपराव त्यांच्याकडे तीन वर्षांपासून येत होते. नरखेडकडच्या गावचे संत्र्याचे बागायतदार, साठीच्या आत-बाहेरचे. सोमवारी आणि गुरुवारी एसटीनं येत, चार तास सुईखाली पडून राहत आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जात. सोबत पत्नी पंचफुला असायच्या आणि हंगामात संत्र्यांची थैली. ती थैली कर्मचाऱ्यांसाठी. रुपरावांना स्वतःला संत्रं मनाई होतं. त्यातलं पोटॅशियम निकामी मूत्रपिंडाला बाहेर काढता येत नाही आणि साठलं की थेट हृदयावर घाला घालतं.

एकदा पडल्या पडल्या ते म्हणाले, "ताई, तुमची ही नळी माह्यं रक्त गाळते. मंग माह्या संत्र्याचा रस नाई गाळत का?"

"रसाले काय झालं, भाऊ?"

"कडू होते ना. आता पिळला तं गोड, दोन-चार तासांनी कडू. म्हणून तं आपल्या संत्र्याचा बाटलीतला रस नाई चालत. बारीक फळ, चुरी म्हणतो आमी, ते घ्यायले कोणी येत नाई. ट्रॉल्या भरून बांधावर टाकतो."

फळ गोड आणि तोच रस कडू, हे सिंधूताईंनी त्याच दिवशी करून पाहिलं. घरी दोन संत्र्यांचा रस काढला, अर्धा प्यायला, अर्धा झाकून ठेवला. जेवण झाल्यावर झाकण काढून चव घेतली. जिभेच्या मागच्या बाजूला कडवटपणा रेंगाळत राहिला. पण हा आला कुठून, ते काही त्यांना कळेना.

मेघा हॉस्पिटलात आली ती त्यानंतर पंधरवड्यानं. नागपूरच्याच एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्रात पीएचडी करणारी सव्वीस वर्षांची मुलगी. तिनं डॉक्टर मुकुंदांना गाठलं. डॉक्टर आता थकले होते, पण रोज सकाळी येत. त्यांनी तिला सिंधूताईंकडे धाडलं.

"मावशी, मला डायलायझर हवे आहेत. संत्र्याच्या रसावर काम करून राहिली मी."

पलंगावर पडलेल्या रुपरावांनी मान वळवली.

मेघानं तिथेच उभ्या उभ्या सांगितलं. ताज्या रसात कडू काही नसतंच. फळ पिळलं की त्यातलं एक द्रव्य रसाच्या आंबटपणात हळूहळू पालटतं आणि लिमोनिन तयार होतं. कडू लागतं ते हे लिमोनिन. ते खाणारे जंतू निसर्गात असतात. पण जंतू रसात सोडले तर कडूपणा जाईल आणि रस जंतूंनी भरेल. म्हणून त्यांना कुठेतरी डांबून ठेवायचं, रस त्यांच्या जवळून न्यायचा, कडू तेवढं त्यांना खाऊ द्यायचं.

"म्हणजे रस धाग्याच्या आतून," सिंधूताई म्हणाल्या, "आणि जंतू बाहेरून, जिथं आमचं पाणी राहते तिथं."

मेघा त्यांच्याकडे पाहतच राहिली. "हो. परदेशात असे प्रयोग झालेत. धाग्यांवर जंतू किंवा त्यांचं एन्झाइम, म्हणजे पदार्थ तोडणारं त्यांचं रसायन, बसवून ठेवतात. पण विकतची उपकरणं माझ्या आवाक्यातली नाहीत."

"तुले पायजेत कसे जंतू?" रुपरावांनी विचारलं. "माह्या बांधावर वीस वर्षांपासून चुरी सडून राहिली. इतकं कडू जमिनीत मुरते, मंग माती कडू काहून नाई होत? कोणीतरी खातच असन."

मेघानं वही काढली आणि त्यांच्या गावचा पत्ता लिहून घेतला.

डायलायझर देताना सिंधूताईंनी दोन अटी घातल्या. वापरलेला एकही मिळणार नाही, कारण त्यातून माणसाचं रक्त गेलेलं असतं. भांडारात मुदत संपलेले, सीलबंद दोन खोके पडले होते. डॉक्टर मुकुंदांनी त्यांच्यासाठी लेखी परवानगी दिली. दुसरी अट अशी की यातून निघालेला रस कोणी तोंडाला लावायचा नाही. मोजायचं ते मशीनवर.

मेघानं रुपरावांच्या बांधावरून माती आणली. तिच्यातल्या जंतूंना खायला फक्त लिमोनिन दिलं. बाकीचे उपाशी मेले, एका जातीचे तगले. ते वाढवून तिनं डायलायझरच्या बाहेरच्या कप्प्यात भरले. सिंधूताई रविवारी, म्हणजे डायलिसिस बंद असण्याच्या दिवशी, कॉलेजच्या प्रयोगशाळेत जाऊ लागल्या. पहिल्या रविवारी त्यांनी मेघाला नळीतली हवा काढायला शिकवलं. नळी उभी धरायची, पाणी खालून वर चढवायचं, तळहातानं हलकेच थोपटत राहायचं. रसाचा गाळ धाग्यांच्या तोंडाशी अडकतो हे पाहून त्यांनी रस आधी चार पदरी कापडातून आणि मग बारीक गाळणीतून काढायला लावला.

मार्च महिन्यातल्या एका मंगळवारी मेघाचा फोन आला. आवाजात हसू मावत नव्हतं. "मावशी, लिमोनिन दहा लाख भागांत अकरा होतं. नळीतून गेल्यावर दोन. सहाच्या खाली आलं की माणसाच्या जिभेला कडू लागत नाही."

सिंधूताईंनाही आनंद झाला. पण फोन ठेवल्यावर काहीतरी खुपत होतं. इतकं झटपट कसं झालं?

रविवारी त्या गेल्या तेव्हा मेघा नरमलेली होती. आकडा बुधवारी चार झाला होता, शुक्रवारी नऊ. सिंधूताईंनी दाबाचं मीटर पाहिलं, नळी उजेडात फिरवून पाहिली. मग विचारलं, "आत जंतू नाईत अशी रिकामी नळी लावून पाह्यली का?"

"रिकामी काहून लावायची?"

"पाह्य बरं," त्या म्हणाल्या. ते शब्द आपल्या बापाचे आहेत हे तोंडातून निघून गेल्यावर त्यांना जाणवलं.

मेघानं कोरी नळी जोडली. दोघींनी डबा खाल्ला. दुपारी पहिला नमुना मशीनमध्ये गेला. जंतू नसलेल्या नळीतून निघालेल्या रसात लिमोनिन होतं दोन. संध्याकाळपर्यंत ते चारवर चढलं.

मेघा खुर्चीवर बसली.

"आमच्याकडं बी होते असं," सिंधूताई म्हणाल्या. "काही औषधं रक्तातून कमी होतात, पण पाण्यात सापडत नाईत. धाग्याच्या प्लास्टिकलेच चिकटून बसतात. धागे भरले का मंग चिकटणं बंद."

म्हणजे मंगळवारचं यश जंतूंचं नव्हतंच, प्लास्टिकचं होतं. आणि मेघानं बुधवारीच सकाळी तो आकडा एका परिषदेला कळवून टाकला होता.

"तुम्ही हे आधी विचारायला पाहिजे होतं, मावशी," ती म्हणाली. मग लगेच, "नाही. मीच विचारायला पाहिजे होतं." तिनं सामान आवरलं आणि सिंधूताईंना बसथांब्यापर्यंतही सोडायला आली नाही.

त्यानंतर तीन आठवडे फोन आला नाही. सिंधूताई रविवारी घरीच राहिल्या. पोरीच्या उत्साहावर आपण पाणी ओतलं का, हा विचार कांदा चिरताना, कपडे वाळत घालताना येत राहिला. गुरुवारी रुपराव म्हणाले, "नसतं विचारलं तं काय झालं असतं, ताई?"

"दुसऱ्या कोणी विचारलं असतं. चारचौघांत."

"मंग बरं झालं ना घरच्या घरात झालं ते."

चौथ्या आठवड्यात मेघा स्वतःच डायलिसिसच्या खोलीत आली. परिषदेला कळवलेला आकडा तिनं मागे घेतला होता. तिच्या मार्गदर्शक सरांनी दोन दिवस अबोला धरला, तिसऱ्या दिवशी रिकाम्या नळीचं शास्त्रीय टिपण लिहायला सांगितलं. आता ती नळीतून आधी कडू रस वाहू देऊन धाग्यांचं प्लास्टिक भरून घेत होती, म्हणजे नंतर जे कमी होईल ते खरोखर जंतूंचं काम असणार.

"आणि जंतू खातात, मावशी. खरंच खातात. पण दोनच दिवस. मग दाब चढतो, रस अडतो आणि कडूपणा तसाच बाहेर येतो. जंतू मेलेले नसतात. उलट चौपट झालेले असतात."

सिंधूताई तेव्हा एका पेशंटचं यंत्र लावत होत्या. हात न थांबवता त्या म्हणाल्या, "हे पाणी पाह्यतं? रक्त साफ करणारं. याच्यात आमी ग्लुकोज घालतो. काहून घालतो सांग."

मेघा वाकून त्या पाण्याकडे पाहू लागली.

"नाई घातलं तं पेशंटच्या रक्तातली साखर बी छिद्रातून पाण्यात निघून जाते. चक्कर येते त्याले. छिद्र काही कडू-गोड पाह्यत नाई. लहान असन ते जाते." त्यांनी नळी थोपटली. "तुह्या रसात साखर किती?"

मेघानं कपाळाला हात लावला. लिमोनिन रसात चिमूटभरही नाही, साखर शंभरात दहा भाग. दोन्ही धाग्यातून पार होतात. मातीतून आणलेल्या त्या उपाशी जंतूंपुढे तिनं मेजवानी मांडली होती. गोड समोर असताना कडू कोण खाईल? ते साखर खाऊन वाढत होते, कप्पा गच्च भरत होता आणि धागे चारही बाजूंनी आवळले जात होते.

"मग साखर थांबवायची कशी?" मेघा स्वतःशीच बोलली.

"साखर कशाले थांबवतं? खाणाऱ्याची वाढ थांबव."

यावर पुढचे चार महिने गेले. आधी मेघानं जंतू फोडून फक्त त्यांचं एन्झाइम कप्प्यात भरलं. एन्झाइमला पोट नाही, ते वाढत नाही आणि रेणू मोठा असल्यानं धाग्यातून निसटूनही जात नाही. दीड दिवस छान चाललं. मग रसाच्या आंबटपणानं ते निकामी झालं. जंतूच्या पेशीत ते सुरक्षित असतं, उघड्यावर टिकत नाही. तेव्हा मेघानं मधला रस्ता काढला. जंतू शाबूत ठेवायचे, पण त्यांच्यावर अशी हलकी प्रक्रिया करायची की त्यांना वाढता येणार नाही आणि आतलं एन्झाइम मात्र काम करत राहील. प्रक्रिया जास्त झाली की एन्झाइमही जाई, कमी पडली की कप्पा पुन्हा भरे. सहा वेळा फसलं. सिंधूताई दर रविवारी दाबाचा आकडा वहीत लिहीत. सातव्या खेपेला तो आकडा पहिल्या आठवड्यात हलला नाही. दुसऱ्यात हलला नाही. बावीस दिवस नळी चालली आणि रसातलं लिमोनिन एकदाही पाचाच्या वर गेलं नाही. याच वेळी शेजारी रिकामी नळीही चालू होती. तिच्यातून मात्र पहिल्या दिवसापासून कडूच रस येत होता.

चव घेण्यासाठी नवं उपकरण लागणार होतं, खाण्याच्या पदार्थाला चालणारं. मेघाच्या सरांनी तसे पोकळ धागे मागवले. सुटे धागे नळीत भरून दोन्ही टोकांना डिंकासारख्या रसायनात पक्के बसवायचे आणि मग टोक कापून तोंडं उघडी करायची, हे काम सिंधूताईंच्या देखरेखीखाली झालं. पहिल्या दोन नळ्या गळक्या निघाल्या. सिंधूताईंनी त्या पाण्यात बुडवल्या, आत हवा भरली आणि बुडबुडा कुठून येतो ते बोट ठेवून दाखवलं. तिसरी आणि चौथी पक्की झाली; चौथी रिकामी ठेवण्यासाठी होती. जंतूही तपासून घेतले. ते माणसाला अपायकारक नसल्याचा अहवाल यायला दोन महिने लागले.

तोवर आंबिया बहाराची, हिवाळ्याच्या तोंडाशी पिकणारी, संत्री उतरली होती. रुपरावांनी दोन क्रेट चुरी पाठवली. डिसेंबरच्या एका रविवारी कॉलेजात बारा माणसं चव घ्यायला बसली. तीन-तीन पेले, वर फक्त अंक. एकात ताजा पिळलेला रस, एकात सकाळी पिळून ठेवलेला, एकात नळीतून काढलेला. शिळा कडू रस बाराही जणांनी ओळखला. उरलेल्या दोन पेल्यांत कडवट कोणता, हे कोणालाच सांगता आलं नाही.

रुपराव आणि पंचफुला मुद्दाम आले होते. रुपरावांनी पेले उचलून फक्त वास घेतला. पहिला, दुसरा, तिसरा आणि पुन्हा पहिला.

"हा नळीतला," त्यांनी एक पेला पुढे सरकवला.

मेघानं अंक तपासला. बरोबर होता. "कसं ओळखलं, काका?"

"वास कमी आहे. कडू गेलं ते गेलं, सालीचा वास बी गेला थोडा. बाग लावली वं पोरी चाळीस वर्षं, नाक तं शाबूत आहे."

मेघाचा चेहरा पडेल असं सिंधूताईंना वाटलं. पण तिनं वही ओढून तारीख टाकली. "चिकटला असेल प्लास्टिकला," ती म्हणाली. "मावशी, रिकाम्या नळीतला रस आहे ना ठेवलेला? काका, तोही हुंगून सांगा."

काटोलच्या एका रस काढणाऱ्या कारखानदारानं पुढे येऊन सगळं पाहिलं. तासाला एक लिटर रस काढणारी नळी त्यानं हातात घेऊन उलटीपालटी केली आणि हजार लिटर काढाल तेव्हा या, असं सांगून गेला. रुपरावांची चुरी यंदाही बरीचशी बांधावरच गेली. काटोलात डायलिसिसची सोय झाल्यावर त्यांचं धंतोलीला येणं थांबलं, पण रिकाम्या नळीच्या वासाचं काय झालं हे ते फोनवर विचारतात.

मेघाचा शोधनिबंध उन्हाळ्यात छापून आला. लेखकांत सिंधू दादाजी गजभिये हे नाव तिसरं आहे. डॉक्टर मुकुंदांनी तेवढ्या पानाची प्रत काढून डायलिसिसच्या खोलीत लावली. नव्या मुली ती वाचतात आणि सिंधूताईंना विचारतात, तुम्ही संत्र्याचं काय केलं? सिंधूताई त्यांना फेकायला काढलेला, नीट निर्जंतुक केलेला एक डायलायझर आणि करवत देतात.

निवृत्तीला त्यांची दोन वर्षं उरली आहेत. रविवारी अजून प्रयोगशाळेत जातात. सध्या त्या आणि मेघा वास कमी चिकटेल असे दुसऱ्या जातीचे धागे बांधून पाहत आहेत. गेल्या आठवड्यात दोन नळ्या झाल्या. एक गळकी निघाली, दुसरी अजून पाण्यात बुडवून पाहायची आहे.